सभागृहात शब्द लागावेत म्हणून: इंडक्शन लूप निवडावा कसा, बसवावा कसा, चालू ठेवावा कसा

नाशिकमध्ये गोदाघाटावरच्या वसंत व्याख्यानमालेला जा, सार्वजनिक वाचनालयाच्या (सावाना) औरंगाबादकर सभागृहातल्या प्रकाशन समारंभाला जा किंवा कालिदास कलामंदिरातल्या नाटकाला. साठी ओलांडलेली मंडळी मोठ्या संख्येनं दिसतील. त्यांतल्या कितीतरी जणांना आवाज येतो, पण शब्द लागत नाहीत. कानाला यंत्र लावलेल्यांचीही हीच तक्रार असते. मग आयोजक साऊंडवाल्याला खुणावतात, "जरा वाढव." तो वाढवतो. पुढच्या रांगेतले कानावर हात ठेवतात आणि मागच्या रांगेतल्या आजोबांना तरीही शब्द कळत नाही.

यावर खात्रीचा उपाय आहे आणि तो जुना आहे: इंडक्शन लूप. सभागृहांचे विश्वस्त, वाचनालयांचे कार्यवाह, मंडळांचे कार्यकर्ते आणि मिक्सरवर बसणारे तंत्रज्ञ यांना तो प्रत्यक्षात आणता यावा म्हणून ही माहिती दिली आहे. काही भाग तांत्रिक आहे, पण विश्वस्तांनीही तो वाचावा. काम देताना काय मागायचं हे माहीत नसलं तर भलतंच काहीतरी बसवलं जातं.

आवाज वाढवून का भागत नाही

वयोमानानं ऐकू येणं कमी होतं तेव्हा बहुधा आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. मराठीतली स, श, त, क, प ही व्यंजनं ऐकायला त्याच पट्टीची गरज लागते. स्वर ऐकू येतात, व्यंजनं निसटतात, त्यामुळे 'कात', 'पात' आणि 'साथ' एकसारखे वाटू लागतात. कानाचं यंत्र ही पट्टी उचलून देतं, पण त्याचा माईक असतो ऐकणाऱ्याच्या कानापाशी. दीड-दोन मीटरवरचं बोलणं तो चांगलं पकडतो. त्यापलीकडे मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज ६ डेसिबलनं घटतो. भिंतींवर आपटून परत येणारा घुमता आवाज, पंख्यांची घरघर, खुर्च्यांची करकर आणि शेजाऱ्यांची कुजबुज मात्र तितकीच राहते. यंत्र हे सगळंच मोठं करतं. स्पीकर वाढवले की घुमणंही वाढतं.

म्हणून खरा प्रश्न वक्त्याचं तोंड आणि ऐकणाऱ्याचा कान यांच्यातल्या अंतराचा आहे. इंडक्शन लूप हे अंतर काढून टाकतो.

माईकचा आवाज मिक्सरमधून लूप ॲम्प्लिफायरकडे जातो. आवाजाच्या चढउतारांप्रमाणे बदलणारा वीजप्रवाह हा ॲम्प्लिफायर बसण्याच्या जागेभोवती फिरवलेल्या तांब्याच्या तारेत सोडतो. त्यातून चुंबकीय क्षेत्र तयार होतं. कानाच्या यंत्रातलं टेलीकॉइल नावाचं बारीक वेटोळं ते क्षेत्र पकडतं आणि पुन्हा आवाजात बदलतं, तेही त्या व्यक्तीच्या कानासाठी भरलेल्या सेटिंगनुसार. वक्त्याचं तोंड माईकपासून वीतभर असेल तर शेवटच्या रांगेतल्या आजींपासूनही ते वीतभरच राहतं. फोन लागत नाही, ॲप लागत नाही, कुणाकडे काही मागावं लागत नाही. यंत्र 'टी'वर, म्हणजे टेलीकॉइलच्या प्रोग्रॅमवर केलं की झालं. जोसेफ पोलियाकॉफ यांनी या कल्पनेचं ब्रिटिश पेटंट १९३७ मध्ये घेतलं होतं.

आधी श्रोत्यांच्या कानात काय आहे ते पाहा

हा टप्पा बहुतेक ठिकाणी वगळला जातो आणि मग लूप बसूनही वापरला जात नाही.

प्रत्येक यंत्रात टेलीकॉइल असतंच असं नाही. कानामागे बसणाऱ्या नेहमीच्या आकाराच्या यंत्रांत ते असण्याची शक्यता जास्त. कानाच्या आत पूर्ण लपणाऱ्या छोट्या यंत्रांत त्याला सहसा जागाच नसते, आणि चार्जिंगच्या सडपातळ मॉडेलांतही अनेकदा ते गाळलेलं असतं. कॉक्लिअर इम्प्लांटच्या (शस्त्रक्रियेनं कानात बसवायच्या यंत्राच्या) बाहेरच्या भागात बहुधा असतं. टेलीकॉइल असूनही ते सुरू करून दिलेलं नसतं, हा प्रकारही नेहमीचा. यंत्र देताना ऑडिओलॉजिस्टनं (श्रवणतज्ज्ञानं) 'टी' किंवा 'एमटी' हा प्रोग्रॅम भरून द्यावा लागतो. 'टी'मध्ये फक्त लूपचा आवाज येतो. 'एमटी'मध्ये लूपबरोबर यंत्राचा माईकही चालू राहतो, म्हणजे शेजारी बसलेल्या बायकोशी बोलता येतं.

घरात कुणासाठी नवं यंत्र घेणार असाल तर दुकानात तीन गोष्टी स्पष्ट विचारा. टेलीकॉइल आहे का? 'टी' आणि 'एमटी' प्रोग्रॅम भरून देणार का? बटण कुठलं दाबायचं ते दाखवणार का? "ब्लूटूथ आहे ना, मग झालं" हे उत्तर पुरेसं मानू नका. फोनवरून यंत्रात आवाज येणं वेगळं आणि सभागृहाचा आवाज यंत्रात येणं वेगळं.

ज्यांना ऐकू कमी येतं त्यांच्यातल्या पुष्कळांकडे यंत्रच नसतं, हेही लक्षात ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात ४३ कोटींहून अधिक लोकांना श्रवणदोषासाठी उपचार आणि पुनर्वसनाची गरज आहे, आणि आपल्याकडे यंत्र लावायला अजूनही संकोच वाटतो. म्हणून लूपबरोबर हेडफोन जोडलेले काही लूप रिसीव्हर ठेवायलाच हवेत. पट्ट्याला अडकवायचा, हेडफोन कानांवर ठेवायचा, आवाज हवा तसा करायचा. छोट्या सभागृहात चार-सहा रिसीव्हरांपासून सुरुवात करा आणि मागणी वाढली की संख्या वाढवा.

लूप की दुसरं काही?

लूपशिवाय तीन-चार पर्याय आहेत. इन्फ्रारेड यंत्रणेत आवाज अदृश्य प्रकाशातून येतो. तो भिंतीपलीकडे जात नाही, त्यामुळे न्यायालय किंवा गोपनीय बैठकीसाठी ती चांगली, पण उन्हात गोंधळते आणि प्रत्येकाला रिसीव्हर द्यावा लागतो. रेडिओवर चालणारे रिसीव्हर मैदानात उपयोगी पडतात. ते घेताना त्या फ्रिक्वेन्सीला भारतात परवानगी आहे का, याचा कागद विक्रेत्याकडून घ्या. परदेशातली फ्रिक्वेन्सी इथे चालेलच असं नाही. वायफायवरून फोनमध्ये आवाज देणाऱ्या ॲपना थोडा विलंब लागतो. व्याख्यानाला तो खपतो, नाटकात ओठ आणि शब्द जुळेनासे झाले की त्रास होतो.

चौथा पर्याय ऑराकास्ट. ब्लूटूथच्या नव्या लो एनर्जी ऑडिओवर आधारलेलं हे प्रसारण २०२२ मध्ये या नावानं पुढे आलं. एकाच ट्रान्समीटरवरून कितीही यंत्रांना आवाज देता येतो आणि जमिनीतल्या लोखंडाचा त्याला अडथळा होत नाही. पुढच्या काळात हे पसरेल, यात मला शंका नाही. पण आज आपल्या सभागृहांत येणाऱ्या ज्येष्ठांच्या कानात जी यंत्रं आहेत, त्यांतल्या फारच थोड्यांना ते घेता येतं. नवं सभागृह बांधत असाल तर दोन्हींची सोय ठेवा. जुन्या सभागृहात पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर मी आज लूपच सुचवीन.

सुरुवात खिडकीपासून करा

मोठ्या सभागृहाचा लूप पाहूनच समित्या गांगरतात. तिकीट खिडकी, वाचनालयाचं देवघेव टेबल, रुग्णालयाची केसपेपरची खिडकी, सेतू केंद्र, बँकेचं चौकशी टेबल या जागा सोप्या आहेत आणि तिथली गरज जास्त नडीची आहे. व्याख्यानातलं एक वाक्य निसटलं तर चालतं. नाशिकरोड स्थानकाच्या काचेआडून कुठल्या गाडीचं तिकीट मिळतंय, किंवा औषध दिवसातून किती वेळा घ्यायचं, हे निसटून चालत नाही.

खिडकीच्या लूपमध्ये मोजकं सामान असतं: कर्मचाऱ्यासमोर लवचिक दांड्याचा छोटा माईक, लहान ॲम्प्लिफायर आणि टेबलाखाली किंवा टेबलाच्या पुढच्या बाजूला लावायची चपटी लूप पट्टी. पल्ला मीटरभराचा असतो आणि तेवढाच पुरतो. दोन चुका हमखास होतात. पहिली, पट्टी स्टीलच्या टेबलाला चिकटवणं. धातू क्षेत्र खाऊन टाकतो, म्हणून लाकूड, प्लायवूड किंवा दगडावर लावा. दुसरी, पट्टी कर्मचाऱ्याच्या बाजूला लावणं. नागरिक जिथे उभा राहतो तिथे, उभ्या माणसाच्या कानापर्यंत क्षेत्र पोचलं पाहिजे. व्हीलचेअरवरून येणाऱ्यांसाठी खिडकीचा एक भाग खाली असेल तर तिथेही तपासून पाहा.

शेजारशेजारच्या खिडक्यांवर लूप असतील तर एकीचा आवाज दुसरीवर जाऊ नये इतकं अंतर ठेवा. नाहीतर त्यांतल्या एकाच खिडकीवर लूप लावा आणि पाटीवर तिचा क्रमांक द्या.

सभागृहात काही विकत घेण्याआधी चालून पाहा

एक लूप रिसीव्हर आणा किंवा टेलीकॉइलवाल्या व्यक्तीलाच बोलवा. 'टी'वर ठेवून रिकाम्या सभागृहात प्रत्येक रांगेत चाला. लूप नसताना 'टी'वर शांतता हवी. गुणगुण ऐकू आली तर ती इमारतीतल्या विजेची आहे. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्याचे तरंग टेलीकॉइल आवाज म्हणून पकडतं.

ही चाचणी दिवे पूर्ण लावून, दिवे निम्मे मंद करून आणि एसी चालू ठेवून, अशी वेगवेगळी करा. नाट्यगृहात रंगमंचावरच्या दिव्यांचे डिमर (उजेड कमी-जास्त करणारी यंत्रं) निम्म्यावर असताना सर्वांत जास्त गोंगाट करतात, आणि नाटकात दिवे बहुतेक वेळ निम्म्यावरच असतात. जुन्या ट्यूबलाइटचे चोक, जवळचा ट्रान्सफॉर्मर, भिंतीतून जाणारी मुख्य केबल आणि चुकीच्या जागी जोडलेला न्यूट्रल हे बाकीचे संशयित. न्यूट्रल आणि फेज वेगवेगळ्या वाटेनं गेले तर त्यांच्यामधल्या मोठ्या भागात क्षेत्र तयार होतं. हे दुरुस्त करायला परवानाधारक इलेक्ट्रिशियन लागतो, लूपवाला नाही. गुणगुण न काढता लूप बसवला तर ती श्रोत्यांच्या कानात कायमची राहते.

दुसरी तपासणी लोखंडाची. आरसीसी स्लॅबमधल्या सळ्या आणि पत्र्याचा तळ असलेले मजले क्षेत्र गिळतात. मधल्या भागातला आवाज कमी होतो, वरच्या पट्टीचा त्याहून जास्त. म्हणजे जी व्यंजनं परत आणायला हा खटाटोप, तीच पहिल्यांदा हरवतात. जमिनीवर तात्पुरती तार टाकून भाड्याच्या ॲम्प्लिफायरनं क्षेत्र मोजून पाहिलं की सळ्यांचा परिणाम कळतो. नव्या इमारतींतल्या वरच्या मजल्यावरच्या सभागृहांत हे मोजल्याशिवाय दरपत्रक मागवूच नका. जुन्या वाड्यातल्या लाकडी तक्तपोशीच्या दिवाणखान्यात मात्र लूप फार छान चालतो.

आखणी: तार कुठून, प्रवाह किती

साध्या खोलीत कडेनं एक वेढा घालतात. यात एक गोष्ट समजून घ्यावी लागते. टेलीकॉइल बहुधा क्षेत्राचा उभा घटक पकडतं, आणि तारेच्या बरोबर वर हा घटक जवळजवळ शून्य होतो. म्हणून बसण्याची जागा तारेच्या आत हवी, तारेवर एकही खुर्ची नको. मान खाली घातली की वेटोळं कलतं आणि आवाज कमी होतो. प्रार्थनेच्या ठिकाणी याचा विचार करा.

प्रवाहाचा अंदाज देतो. १० मीटर बाजूचा चौकोनी लूप जमिनीवर आहे आणि बसलेल्या माणसाचा कान १.२ मीटर उंचीवर. मध्यभागी प्रमाणित ४०० मिलीअँपिअर प्रति मीटर क्षेत्र मिळवायला साधारण पावणेपाच अँपिअर लागतात, तेही जमिनीत लोखंड नसेल तर. लोखंड असेल तर बराच जास्त.

इथेच घरच्या स्पीकर ॲम्प्लिफायरवर भागवायची कल्पना सुचते. कृपया तसं करू नका. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या ४० मीटर तारेचा रोध अर्धा ओहमसुद्धा भरत नाही, साध्या ॲम्प्लिफायरला तो शॉर्टसर्किटसारखा वाटतो. शिवाय तारेच्या इंडक्टन्समुळे वरच्या पट्टीत विरोध वाढत जातो. ५ किलोहर्ट्झला तो दोन ओहमच्या वर जातो, आणि साधा ॲम्प्लिफायर ती पट्टी दाबून टाकतो. लूपसाठी बनवलेला ॲम्प्लिफायर करंट ड्राइव्ह पद्धतीचा असतो. विरोध वाढला तरी तो ठरलेला प्रवाह देत राहतो. त्यात आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी सोयही असते, म्हणून हळू बोलणारे अध्यक्ष आणि खड्या आवाजाचे प्रमुख पाहुणे दोघेही सारखे ऐकू येतात.

सभागृह रुंद असेल, स्लॅबमध्ये सळ्या असतील किंवा भिंतीपलीकडे दुसरं सभागृह असेल, तर एक वेढा पुरत नाही. तिथे अरुंद पट्ट्यांत तार फिरवून, दोन लूपांमध्ये ९० अंशांचा फेज फरक ठेवून (म्हणजे एकाचे तरंग दुसऱ्याच्या पाव आवर्तन मागे ठेवून) क्षेत्र सगळीकडे समान करतात. त्यासाठी दोन चॅनेलांचा ॲम्प्लिफायर आणि संगणकावर केलेली आखणी लागते. खर्च वाढतो, पण शेजारच्या हॉलमध्ये आवाज गळत नाही. साध्या वेढ्याचा आवाज भिंतीबाहेरही 'टी'वर ऐकू येतो. समुपदेशनाच्या खोलीत किंवा डॉक्टरांच्या तपासणी खोलीत ही गळती चालणार नाही.

रंगमंच लूपच्या बाहेर ठेवा. इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप आणि काही डायनॅमिक माईक लूपचं क्षेत्र पकडून शिट्टी मारतात.

तार टाकताना

जाजम किंवा व्हिनाइलखाली तांब्याची चपटी पट्टी टाकतात. ती उंचवटा करत नाही, कुणाला ठेच लागत नाही. शहाबादी किंवा टाइल असेल तर सांध्यातून खाच काढून इन्सुलेटेड तार बसवतात. फरशी नव्यानं घालणार असाल तर हीच वेळ. नंतर फोडायला दुप्पट पैसे जातात. ॲम्प्लिफायरपासून लूपपर्यंतच्या दोन्ही तारा एकमेकींभोवती पिळून न्या, नाहीतर वाटेतच क्षेत्र तयार होतं. माईकच्या केबल बॅलन्स्ड ठेवा. त्या लूपच्या तारेला समांतर नकोत, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडा.

मिक्सरवर काय करायचं

लूपला मुख्य स्पीकरचाच आवाज देण्याची पद्धत सोपी आहे, पण ती मला पसंत नाही. मिक्सरच्या ऑक्स आउटमधून, म्हणजे मुख्य स्पीकरपेक्षा वेगळं मिश्रण बाहेर काढायच्या जोडणीतून, लूपसाठी स्वतंत्र मिश्रण काढा. कीर्तनात बुवांचा आवाज वर, टाळ-मृदंग पुष्कळ खाली. गाण्याच्या कार्यक्रमात सूत्रसंचालन आणि शब्द वर. स्पीकरमध्ये जे भरदार वाटतं ते यंत्रातून ऐकणाऱ्याला गिचमिड वाटतं. हे मिश्रण करताना साऊंडवाल्याच्या कानाला लूप रिसीव्हर असलाच पाहिजे. अंदाजानं हे जमत नाही.

लूपमध्ये तेच जातं जे माईकमध्ये जातं. "माझा आवाज पोचतो, माईक नको" असं म्हणून वक्ता पुढे सरसावला की यंत्र 'टी'वर ठेवलेल्या श्रोत्यासाठी सभागृह एकदम मुकं होतं. सूत्रसंचालकानं प्रेमानं पण ठामपणे माईक पुढे करावा. प्रश्नोत्तरांत हातात माईक आल्याशिवाय प्रश्न घेऊ नये, आणि चुकून घेतलाच तर वक्त्यानं तो माईकवर पुन्हा सांगावा. आपल्याकडे श्रोत्यांतून उत्स्फूर्त दाद आणि शेरे येतात. ते कळावेत म्हणून श्रोत्यांकडे तोंड केलेला एक माईक अगदी हळू मिसळता येतो.

नाटक हा अवघड भाग. रंगमंचाच्या कडेला ठेवलेले किंवा वरून टांगलेले माईक नटापासून तीन-चार मीटर लांब असतात. लूप माईकपासून कानापर्यंतचं अंतर पुसतो, नटापासून माईकपर्यंतचं नाही. प्रमुख भूमिकांना कॉलर माईक असतील तर प्रश्नच मिटतो. नसतील तर रंगमंचाच्या पुढच्या कडेला चांगले बाउंडरी माईक (जमिनीवर सपाट ठेवायचे माईक) लावा, आणि जो माईक कामाचा नाही तो त्या प्रवेशापुरता बंद ठेवायला एक माणूस संहिता घेऊन मिक्सरवर बसवा. नाट्यसंस्थेशी आधी बोललं तर हे होतं.

मोजणीशिवाय काम पूर्ण मानू नका

यासाठी आयईसी ६०११८-४ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. तीन गोष्टी मोजतात. यंत्रणा बंद असताना चुंबकीय गोंगाट: तो प्रमाणित पातळीच्या ४७ डेसिबल खाली असावा अशी शिफारस आहे. बोलण्याच्या शिखरांना क्षेत्राची तीव्रता: ४०० मिलीअँपिअर प्रति मीटर, आणि बसण्याच्या सगळ्या जागांवर त्यात ३ डेसिबलहून जास्त फरक नको. शेवटी आवाजाची पट्टी: १०० हर्ट्झपासून ५ किलोहर्ट्झपर्यंत, १ किलोहर्ट्झच्या तुलनेत तोच ३ डेसिबलचा फरक. मोजणी बसलेल्यांसाठी १.२ मीटरवर आणि उभ्यांसाठी १.७ मीटरवर करतात. "ऐकू येतंय की" ही मोजणी नव्हे. आकडे लिहिलेला कागद मागा आणि तो फाइलला लावा.

आकड्यांनंतर माणसं. टेलीकॉइल वापरणारे तिघे-चौघे बोलवा, वेगवेगळ्या जागी बसवा, अनोळखी मजकूर वाचून दाखवा आणि त्यांना तो परत सांगायला लावा. कुठला शब्द सुटला ते लिहून घ्या.

पाटी, माणूस आणि कपाट

लूप दिसत नाही. म्हणून पाटी हा यंत्रणेचाच भाग आहे. कानाची आकृती आणि कोपऱ्यात 'टी', ही आंतरराष्ट्रीय खूण. दारावर, तिकीट खिडकीवर आणि आतल्या भिंतीवर ती लावा, आणि खाली मराठीत लिहा: "या सभागृहात लूप आहे. कानाचं यंत्र 'टी'वर ठेवा. यंत्र नसेल तर खिडकीवर हेडफोन मागा, मोफत आहेत." लूप सगळीकडे नसेल तर बसण्याच्या नकाशावर कुठल्या रांगा त्यात येतात ते रंगवून दाखवा. निमंत्रणपत्रिकेवर आणि व्हॉट्सॲपवरच्या जाहिरातीतही एक ओळ टाका. मराठी भाषा गौरव दिनाच्या, २७ फेब्रुवारीच्या कार्यक्रमांपासून ही सवय लावता येईल.

प्रत्येक कार्यक्रमाआधी एका माणसानं रिसीव्हर घालून सभागृहात चक्कर मारायची आणि वहीत सही करायची. हे काम ठरावीक माणसाच्या नावावर हवं. लूप बंद पडला तर ज्याला ऐकू येतं त्याला ते कळतच नाही, आणि ज्याला कळतं तो "माझंच यंत्र बिघडलं असेल" म्हणून गप्प बसतो. हेडफोनच्या गाद्या दर वापरानंतर पुसा, बॅटऱ्या चार्ज करून ठेवा, कपाटाची किल्ली कार्यक्रमाच्या जागीच ठेवा. हेडफोन देताना आधार कार्ड अडकवून घेऊ नका, टोकन पुरतं. कान झाकणारे मोठे हेडफोन घ्या म्हणजे यंत्रावरूनही घालता येतात. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला एवढं सांगा: समोर पाहून बोला, तोंडावर हात नको, ओरडू नका, कळलं नाही तर वाक्य बदलून सांगा.

घाटावर आणि सिंहस्थात

उघड्या पटांगणात लूप चालतो का? चालतो, आणि वाऱ्याचा त्याला उपद्रव नाही. पण सगळ्या पटांगणाला वेढा घालायची गरज नाही. पुढच्या खुर्च्यांचा एक भाग निवडा, त्याभोवती तार टाका, पायवाट ओलांडते तिथे रबरी केबल गार्ड लावा आणि तिथे मोठी पाटी उभी करा. लोखंडी मांडव आणि जनरेटरची केबल त्या भागापासून दूर ठेवायला डेकोरेटरला आधीच सांगा. कार्यक्रम संपला की तार गुंडाळून ठेवता येते.

२०२७ च्या सिंहस्थात रामकुंड आणि तपोवन परिसरातल्या लाखोंच्या गर्दीवर लूप हा उपाय नव्हे. तिथल्या घोषणा मोठ्या अक्षरांच्या फलकांवर एकाच वेळी झळकायला हव्यात. लूप हवा तो मदत केंद्रांत: हरवले-सापडले केंद्र, प्रथमोपचार केंद्र, पोलीस चौकी, बस आणि रेल्वेच्या चौकशी खिडक्या. गर्दीत ताटातूट झालेल्या, कमी ऐकू येणाऱ्या म्हातारीला "गाव कोणतं, सोबत कोण होतं" हे विचारणाऱ्या टेबलावर हेडफोनसह एक छोटा लूप असायलाच हवा. तिथे कागद-पेन आणि चित्रांचा तक्ताही ठेवा, कारण प्रत्येकाला लूपचा उपयोग होणार नाही. जन्मापासून कर्णबधिर असलेल्या अनेकांसाठी सांकेतिक भाषेचा दुभाषीच लागतो.

कायदा आणि पैसा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ सार्वजनिक इमारती आणि सेवा सुगम करण्याचं बंधन घालतो, आणि सांस्कृतिक जीवनात सहभागाचा हक्कही देतो. जुन्या सार्वजनिक इमारतींसाठी नियम आल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे ती मुदत २०२२ मध्येच संपली. केंद्राच्या २०२१ च्या सार्वत्रिक सुगम्यता मार्गदर्शक मानकांत श्रवणसाहाय्य यंत्रणांचा समावेश आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रातुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशीपुरते ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक हवेत असं सांगितलं. चित्रपटगृहांसाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाची मार्च २०२४ ची वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आहेत.

पैशासाठी पहिलं दार महापालिकेचं. महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांना ५ टक्के निधी दिव्यांग कल्याणासाठी राखून ठेवावा लागतो. पालिकेच्या नाट्यगृहातल्या किंवा रुग्णालयातल्या लूपची मागणी त्यातून करता येईल. खासगी विश्वस्त संस्थांनी देणगीदारांना एकेक गोष्ट दाखवावी: एक खिडकी, सहा रिसीव्हर, एक ॲम्प्लिफायर. दाद मिळालीच नाही तर पुण्यातल्या दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते.

अर्ज करताना "श्रवणयंत्रणा बसवावी" एवढंच लिहू नका. जागा, बसण्याची क्षमता, कोणत्या रांगा लूपमध्ये हव्यात, रिसीव्हर किती आणि पाट्या कुठे लागतील ते लिहा. निविदेत पुढच्या अटी शब्दशः घालायला सांगा: काम सुरू होण्यापूर्वी चुंबकीय गोंगाट आणि धातूचा परिणाम मोजावा, ॲम्प्लिफायर करंट ड्राइव्ह पद्धतीचाच असावा, काम झाल्यावर आयईसी ६०११८-४ नुसार प्रत्येक भागाची मोजणी करून लेखी अहवाल द्यावा, टेलीकॉइल वापरणाऱ्या श्रोत्यांसमोर चाचणी घ्यावी, दोन कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावं, तीन वर्षं देखभाल करावी. आणि हा अहवाल हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.